माळावरच्या घराचा पिक्चर

तिकीट काढून घाबरायला येणाऱ्या बायका बघायच्या असतील, तर बुधवारी दुपारी आमच्या अल्बियनमध्ये यायला हवं होतं. सोमवारचं धुणं आणि मंगळवारची इस्त्री उरकली की हॅडरशॉमधल्या निम्म्या बायका छत्र्या झटकत आमच्या दारात हजर. आणि पिक्चर कसला? तर माळरानावरचं एकटं घर, बाहेर वादळ, पूल वाहून गेलेला, आत म्हाताऱ्याच्या मृत्युपत्रावर टपलेले नातेवाईक, एक बहिरा बटलर आणि भिंतीतून बाहेर येणारा हात. पिक्चर बदलला तरी हात तोच. नायिका मेणबत्ती घेऊन जिना उतरायला लागली, की मागच्या रांगेतून पिकपबाई ओरडणार म्हणजे ओरडणार, "मागं बघ गं पोरी! मागं बघ!"

मी फ्लॉरी हिंडल, तिथली डोअरकीपर. हातात बॅटरी, अंगावर पितळी बटणांचा गणवेश आणि पायात चावणारे बूट. मला त्या पिक्चरची कधीच भीती वाटली नाही. रोज बघून बघून मला तो हात ओळखीचा झाला होता. थ्रेलफॉलसाहेब, म्हणजे आमचे मॅनेजर, नेहमी म्हणायचे, "फ्लॉरी, तुला काळीज नाही." मी म्हणायची, "आहे साहेब, पण बुटांनी खाल्लंय."

आमच्याकडे खेळाची वेळ अशी नव्हती. दुपारी मशीन एकदा सुरू झालं की रात्रीपर्यंत तेच चक्र. लोक मनाला येईल तेव्हा आत शिरायचे, खुनी कोण ते आधी बघायचे आणि खून मागून. आपण आलो तो भाग परत पडद्यावर आला, की उठायचं आणि जागा मोकळी करायची. एखादा चिकटून बसला तर मी त्याच्या कानाशी वाकून सांगायची, "तुम्ही आलात ते इथंच." एवढं पुरे व्हायचं. माणूस टोपी उचलायचा आणि निमूट जायचा.

मेव्हिस ब्रॅमॉलला मात्र मी तसं कधी म्हटलं नाही. ती खांबाआडच्या खुर्चीत बसायची आणि तोच पिक्चर पुन्हा पुन्हा बघायची. एकदा मी तिच्याशेजारी टेकले. म्हटलं, "बये, तुला कंटाळा कसा येत नाही? खुनी चुलता आहे, हे त्या खांबालासुद्धा पाठ झालंय."

ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "त्या मुलीकडे बघ. ती सांगते भिंतीत कोणीतरी आहे, आणि सगळे म्हणतात तुला भास होतो, झोप जा. पण शेवटी भिंत उघडते ना? मग सगळ्यांना कळतं की ती खरं बोलत होती. त्या एका मिनिटासाठी येते मी." मग म्हणाली, "आणि इथं सगळे मिळून घाबरतात गं. ओरडलं तरी चालतं. घरी मला आवाज न करता घाबरावं लागतं."

तेव्हा पडद्यावर वीज चमकली आणि तिच्या गालावरच्या पावडरखालचं निळं मला दिसलं.

एडगर ब्रॅमॉल तिचा नवरा. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, लढाईतलं पदक छातीला, रविवारी चर्चमध्ये दानाची थाळी फिरवणारा. अकरा नोव्हेंबरला, लढाई संपल्याच्या दिवशी, गावच्या स्मारकाला पहिलं फुलांचं चक्र त्याचं. आवाज कधी चढवायचा नाही, शिवी नाही, दारू नाही. अशा माणसाबद्दल काय सांगणार आणि कोणाला? मेव्हिस पाद्रीबाईंकडे, म्हणजे पाद्र्याच्या बायकोकडे, गेली होती. त्या म्हणाल्या, जबाबदारीची नोकरी आहे, डोकं तापतं पुरुषाचं, चहा वेळेवर देत जा. गावातला पोलीस त्याच्याबरोबर बोलिंग खेळायचा. तिची सख्खी आई म्हणाली, तुला लहानपणापासून वाढवून सांगायची सवय आहे.

हा एडगर शनिवारी रात्री आमच्याकडे यायचा तो पिक्चरसाठी नाही, शेवटच्या राष्ट्रगीतासाठी, असं आम्ही गमतीत म्हणायचो. शेवटचा खेळ संपला की ऑपरेटर विल्फ दिवे लावून 'देव राजाला राखो'ची तबकडी सुरू करायचा आणि सगळं थिएटर उभं राहायचं. काही चलाख मंडळी बस पकडायला आधीच सटकायची. एकदा एक पोरगा राष्ट्रगीत चालू असताना दाराकडे निघाला, तर एडगर तबकडी संपेपर्यंत जागचा हलला नाही, आणि संपताच दाराबाहेर जाऊन त्याला कॉलरला धरून मागं खेचलं. सगळ्यांसमोर म्हणाला, "हे वाजत असताना मी चिखलात उभा राहिलोय, बाजूला माणसं मरत असताना. आणि तुला एका बसपायी थांबवत नाही?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग मेव्हिसचं ठरलं. फ्लीटवुडला, समुद्रकाठी, तिची बहीण होती. एडगरला तिचं नाव माहीत होतं, पण दुसरं लग्न करून ती नव्या घरी गेली होती आणि तो पत्ता त्याला नव्हता. बुधवारी तिकडची साडेचारची बस बाजारातून सुटायची, आमच्या दारापासून चार पावलांवर. सकाळी तिने बॅग आणून थिएटरातल्या माझ्या खोलीत आइस्क्रीमच्या तबकांमागे ठेवली. रस्त्यावर उभं राहिलं तर कोणीतरी बघेल, म्हणून बसच्या वेळेपर्यंत ती आत अंधारात बसणार होती. एडगर गिरणी सुटल्यावर घरी यायचा, तोपर्यंत ती समुद्र बघत असती.

सव्वाचारच्या सुमाराला मी बाहेर तिकीट-खिडकीजवळ उभी होते आणि काचेच्या दारातून एडगर आत आला.

गिरणीतला मोठा पट्टा तुटला होता, खातं बंद पडलं होतं आणि सगळ्यांना लवकर सोडलं होतं, हे मला मागाहून कळलं. त्याने टोपी काढली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "फ्लॉरी, आमची मंडळी आहे का आत?"

"नाही बाई," मी म्हटलं. "आज काही दिसली नाही."

त्याने मान वळवून ओल्या छत्र्यांच्या पिंपाकडे बघितलं. त्यात मेव्हिसची छत्री होती. बदकाच्या डोक्याची मूठ. सगळ्या गावात तशी एकच. हातचं काम टाकून ती आठवणीने आत न्यायला हवी होती, पण माझ्या टाळक्यात आलंच नाही.

"तिच्या कपाटातला खिळा रिकामा आहे," तो म्हणाला. "कोट नाही. खोटं बोलणाऱ्या बायका मला आवडत नाहीत, फ्लॉरी. तू एकटीच राहतेस ना, कालव्याजवळ?"

एवढंच. मग त्याने रीतसर तिकीट काढलं आणि माझ्यापुढे धरलं. तिकीट धरलेल्या माणसाला आत नेऊन बसवणं हे माझं काम. मी ते फाडलं तेव्हा अर्धं तिकीट माझ्या हातून खाली पडलं, आणि त्याने वाकून मला उचलून दिलं.

आत पडद्यावर ती पोरगी मेणबत्ती घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर आली होती. मी त्याला मुद्दाम पार पुढे न्यायला लागले, तर त्याने माझा दंड धरला. "मी इथं दाराशीच उभा राहतो. पिक्चर संपला की मध्यंतराला दिवे लागतीलच. मला घाई नाही."

दार तेवढं एकच उघडं. पडद्याजवळचं दार फुकट्या पोरांमुळे थ्रेलफॉलसाहेबांनी कुलूप लावून ठेवलेलं, आणि साहेब किल्ल्या घेऊन चहाला घरी गेलेले. म्हणजे मेव्हिस आत, बस बाहेर आणि मधे एडगर. पिक्चर संपायला फार वेळ नव्हता. दिवे लागले की खांब तिला लपवणार नव्हता.

पिकपबाई ओरडल्या, "मागं बघ गं पोरी!" लोक हसले. त्या पिक्चरला मी पहिल्यांदाच घाबरले, आणि पडद्याकडे तर माझं लक्षही नव्हतं.

बॅटरी विझवून मी भिंतीकडेने गेले आणि मेव्हिसच्या खुर्चीशी उकिडवी बसले. "ओरडू नकोस. तो आलाय. दाराशी उभा आहे."

ती ओरडली नाही. तिला सवयच नव्हती. नुसता माझा हात धरला, आणि तो हात बर्फासारखा गार होता.

"मी जाते घरी त्याच्याबरोबर," ती म्हणाली. "मुकाट्याने गेले तर कमी होईल."

"मूर्खासारखं बोलू नकोस. बॅग आणि कपडे घरात नाहीत हे बघितलं की?"

बॅगचं तिला सुचलंच नव्हतं. तिचा श्वास मला ऐकू यायला लागला, तुटक तुटक, पिक्चरमधल्या भिंतीतल्यासारखा.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं. कुठून आलं देव जाणे. मी तिच्या कानात सांगितलं, "ऐक. राष्ट्रगीत लागलं की उठायचं आणि मधल्या वाटेने सरळ दाराकडे चालायचं. पळायचं नाही. बॅग मी बाहेर ठेवते."

"त्याच्या शेजारून?"

"त्याच्या शेजारून. तो हलणार नाही."

"मला नाही जमणार, फ्लॉरी."

"ती बघ, ती कशी चाललीय तळघरात!"

"तिला त्याचा पगार मिळतो," मेव्हिस म्हणाली. तशाही स्थितीत मला हसू आलं आणि रडूही.

दाराशी एडगरला म्हटलं, "आइस्क्रीम भरायला जाते," आणि बाहेर सटकले. बॅग छत्र्यांच्या पिंपाशी ठेवली आणि स्कर्ट वर धरून विल्फच्या केबिनचा जिना चढले. विल्फ सँडविच खात बसला होता.

"राष्ट्रगीत लाव. दिवे पण. आत्ता."

"डोकं फिरलं का तुझं? दुपारी? पिक्चर चालू असताना? साहेब माझी सालटी काढतील."

"खिडकीतून दाराकडे बघ कोण आहे. आणि खांबाआड बघ."

विल्फने बघितलं. मध्यंतराच्या उजेडात त्या केबिनच्या खिडकीतून त्याला सगळ्यांचे चेहरे दिसत. मेव्हिसचा गाल त्यालाही वर्षभर दिसत असणार. त्याने सँडविच खाली ठेवलं, हात विजारीला पुसले आणि विचारलं, "एक कडवं की तिन्ही?"

"तिन्ही," मी म्हटलं आणि जिन्यावरून जवळजवळ पडतच खाली आले.

मी दार ढकलून आत पाय ठेवला आणि पिक्चरचा आवाज मेला. सगळे दिवे भक्कन लागले. ढोलांचा कडकडाट झाला आणि राष्ट्रगीत सुरू झालं.

काय सांगू! एक क्षण कोणालाच काही कळेना. मागं कोणीतरी कुजबुजलं, "अगं बाई, राजाला काही झालं की काय?" आणि खुर्च्यांचा खाडखाड आवाज होऊन सगळं थिएटर उभं राहिलं. मांडीवरचे शेंगदाणे खाली सांडले, विणकामाचे गोळे घरंगळत गेले, पण सगळ्या ताठ. समोर फिकट पडद्यावर आवाजाविना पिक्चर चालूच होता. ती पोरगी तोंड उघडून किंचाळत होती आणि भिंतीतून हात बाहेर येत होता.

एडगरही ताठ उभा. टोपी छातीशी, हनुवटी वर, दुसरा हात विजारीच्या शिवणीला. सवयीने झालं ते, विचाराने नाही.

मेव्हिस खांबाआडून बाहेर आली.

उभ्या माणसांमधून ती एकटी चालत होती. सगळ्यांनी माना न वळवता डोळे वळवले. राष्ट्रगीत चालू असताना चालणारी ही कोण? दिवे पूर्ण लागलेले, घामाने पावडर वाहून गेलेली, आणि डोळ्याखालपासून जबड्यापर्यंतचं ते निळं-पिवळं सगळ्या हॅडरशॉने बघितलं. पाद्रीबाई तिसऱ्या रांगेत होत्या. त्यांनीही बघितलं.

ती एडगरजवळ आली. त्याच्या मानेची शीर फुगली. चेहरा समोर, पण डोळे तिच्यावर. ओठ न हलवता तो म्हणाला, "मेव्हिस."

आणि ती थांबली. घरी त्या आवाजाला थांबत असेल तशीच थांबली, मान खाली घालून. हात लांबवला असता तर त्याला तिचा कोट धरता आला असता. त्याची टोपीवरची बोटं सुटायला लागली होती. मला हलायचं होतं, पण माझेही पाय उचलेनात. मला वाटलं, संपलं. आता दोघींचंही संपलं.

"शू!" मागच्या रांगेतून पिकपबाईंचा आवाज आला. "ब्रॅमॉल, राष्ट्रगीत चालू आहे!"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याची बोटं परत टोपीवर आवळली. आणि मग पिकपबाई, ज्या गेली कित्येक वर्षं पडद्यावरच्या पोरींना उलटंच सांगत आल्या होत्या, त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मागं बघू नको गं पोरी. चाल तू."

मेव्हिस चालायला लागली. माझ्या बाजूने गेली, माझ्या हाताला तिचा कोट घासला, दार हललं आणि ती दिसेनाशी झाली.

दुसरं कडवं. तिसरं कडवं, जे कोणालाच येत नाही. एडगरचा घाम हनुवटीवरून टपकत होता. तो चिखलात मरणाऱ्या माणसांच्या शेजारी उभा राहिला होता, यावर माझा त्या दिवशी पुरता विश्वास बसला.

तबकडी संपली आणि तो दाराकडे वळला. पण राष्ट्रगीत संपलं की हॅडरशॉची माणसं काय करतात? कोट घालतात आणि घरी जातात. सगळं थिएटर एकदम वाटेत आलं. काही सवयीने आले असतील. पण पिकपबाई बरोबर दारात, त्याच्या पुढ्यात येऊन थांबल्या आणि हातमोजे चढवायला लागल्या. एकेक बोट.

"बाजूला व्हा," एडगर म्हणाला.

"गुडघा धरलाय रे बाबा," बाई म्हणाल्या. "म्हातारीला ढकलणार आहेस का? ढकल की. सगळे बघतायत."

त्यांच्यामागे दुसरी येऊन उभी राहिली, तिच्यामागे तिसरी. बाहेर बाजारात बसचं इंजिन घरघरलं, चढावर कण्हलं आणि हळूहळू ऐकू येईनासं झालं. मग पिकपबाईंचा गुडघा बरा झाला.

एडगर बाहेर धावला. इकडे बायका मला घेरून उभ्या. पिक्चरचा शेवट राहिला, हात कोणाचा ते बघायचं राहिलं! मी वर विल्फला ओरडून सांगितलं, त्याने ते शेवटचं रीळ पहिल्यापासून चढवलं, दिवे घालवले, आणि सगळ्या परत जागेवर जाऊन बसल्या.

मी अंधारात मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. तेवढ्यात दार हललं, आणि माझ्या कानाशी कोणाचा तरी श्वास आला.

"कुठं गेली ती?"

त्याने माझा हात कोपरावर धरला आणि दाबला. "बहिणीचा पत्ता काय? तुला माहीत आहे. सांग, नाहीतर मी रात्री कालव्याकडे येतो."

ओरडावं तर घशातून आवाज निघेना. भीतीने माणूस मुका होतो ते कसं, हे मला तेव्हा कळलं. मेव्हिस हे रोज गिळत होती. समोर पडद्यावर ती पोरगी मेणबत्ती घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर आली.

डोअरकीपरने गिऱ्हाइकाच्या तोंडावर बॅटरी मारायची नाही, हा आमचा पहिला नियम. मी मोकळा हात वर केला आणि बॅटरी सरळ त्याच्या तोंडावर मारली.

तो चमकला. डोळे चोळत, तोंड उघडं टाकून, भिंतीतून ओढून काढल्यासारखा उभा राहिला. सगळ्या रांगा मागं वळल्या. एकही बाई पडद्याकडे बघत नव्हती. माझा हात अजून त्याच्या मुठीत होता आणि तो सगळ्यांना दिसत होता. त्याने तो सोडला.

मला आवाज सापडला. फाटकाच होता, पण शेवटच्या रांगेपासून पहिल्या रांगेपर्यंत गेला.

"ब्रॅमॉलसाहेब," मी म्हटलं, "तुम्ही आलात ते इथंच. झाला तुमचा पिक्चर. निघा."

तो रांगांकडे बघत राहिला. मग टोपी उचलली आणि गेला. काचेचं दार बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत मी बॅटरी खाली केली नाही.

पिकपबाईंनी माझा हात ओढून मला शेजारी बसवलं. "आज रात्री माझ्याकडे झोपायला यायचं," त्या म्हणाल्या. मग कुजबुजल्या, "ती नीट बसली ना गाडीत?"

"बसली असेल," मी म्हटलं. "छत्री मात्र राहिली तिची."

"राहू दे. आम्हाला आधीच कळायला हवं होतं गं," बाई म्हणाल्या आणि माझा हात घट्ट धरून ठेवला. पडद्यावर ती पोरगी एकेक पायरी उतरत होती, भिंत हळूच सरकत होती, आणि मी त्या पिक्चरला पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर जोरात किंचाळले.